नावाड्याची सावली

...नाही, पण मला सांगा, पानं लावणाऱ्याने दोन ओळी कापल्या तर असं काय आभाळ कोसळतं? दोन ओळी हो! तीस वर्षं छापखान्यात पुस्तकांची पानं लावतोय मी. धडा संपता संपता दोन ओळी पुढच्या पानावर सांडल्या, की तेवढ्यासाठी सोळा पानांचा अख्खा फॉर्म वाढतो, आणि मालक खेकसतो, "कागद काय तुझ्या सासऱ्याचा?" मग काय, एखादं गरीब वाक्य हेरायचं आणि कच्! लेखकालाही पत्ता लागत नाही.

तर तुम्हाला सांगतो, आमच्याच छापखान्यात निघाली ती सात भागांची कादंबरी. राजे, राक्षस, उडते घोडे आणि एक राखकुळ. या राखकुळातलं माणूस मेलं तरी सातव्या भागात परत येणार, असं पहिल्याच भागात भाकीत! पण कुळातलं कोण, हे लेखक सांगेल तर शपथ. वाचकाने ओळखायचं. आणि ओळखलं कोणी? आमच्या दादाने! दोन्ही किडन्या गेलेल्या, आठवड्यातून तीनदा हातात डायलिसिसच्या त्या जाड सुया, आणि उशाशी हे पुस्तक. एकदा ओरडलाच, "अरे, सापडलं! लेखक सगळ्यांची सावली दाखवतो. चोराची, राणीची, कुत्र्याचीसुद्धा! राखकुळाची तेवढी दाखवत नाही. आता तो म्हातारा नावाडी घे. चार भाग वल्हवतोय, एकदा तरी सावली पडली? चौथ्यात बुडाला ना? सातव्यात येतो बघ!"

पण पडली होती हो सावली... 'नावाड्याची लांब सावली पाण्यावर हलत होती.' बाराव्या धड्याचा शेवट. मीच कापला. दोन ओळी!

सांगणार होतो, देवाशप्पथ! तर वहिनीने स्वयंपाकघरात ओढलं. "भावजी, सुया नकोच म्हणत होते हे. आता म्हणतात, नावाडी येईपर्यंत टोचा. तोंड उघडलंत तर याद राखा!"

बसलो गप्प. वर्षभर. आणि सातवा भाग आला तो माझ्याच टेबलावर! मी अधाशासारखी पानं उलटतोय... राणी आली, सेनापती आला, दोन घोडेसुद्धा आले! नावाडी? येतोय कुठला! सावलीवाला माणूस तो.

मग मी काय केलं... जन्मभर ओळी कापल्या, पहिल्यांदाच घातल्या. दादाच्या एका प्रतीपुरत्या, वेगळी बांधून घेऊन. दोनच ओळी. 'इतक्यात नदीवरून म्हातारा नावाडी परत आला. तब्येत बरी दिसत होती.'

दादाने वाचलं. चष्मा काढला. "हे लेखकाचं नाही."

"क... कशावरून?"

"मरून परत आलेल्याची तब्येत कोण बघतं रे? हे लिहिणारा आपल्याच कुळातला. आई अशीच, आल्यागेल्याची आधी तब्येत बघायची." आणि हसला, हसला, खोकला येईपर्यंत हसला. मग एकदम हळू आवाजात, "म्हणजे नावाडी आलाच नाही. सावली होती तर."

कापलेली ओळ तोंडपाठ होती, ती म्हणून दाखवली. त्याने डोळे मिटून ऐकली, म्हणाला, "चांगली होती रे." दुसऱ्या दिवशी दवाखान्याची गाडी न्यायला आली, तर हा म्हणाला, आता सुया पुरे. वहिनी रडली, मी पाया पडलो, पण ऐकेल तर तो दादा कसला!

मी घरी निघालो तेव्हा पुस्तक माझ्या हातात ठेवून म्हणाला, "पुढच्या वेळी खोटं लिहिशील ना, तर आधी मला दाखव. नीट करून देईन."

पुढच्या वेळी म्हणे! शुक्रवारी गेला. आता घ्या... दाखवू कोणाला?