खाऱ्या पान्यातले झिंगे

आमी भोई, पूर्णेकाठचे. बापानं नदीत जाळं टाकलं, मीबी टाकलं, पन समुद्र काई आमच्या घरात कोनी पायला नाई. इकडे अकोटाच्या खालतं सारा खारपानपट्टा, बोरचं पानी ढोरंबी पेत नाई. त्याच पान्यात झिंगे पोसायचे म्हनून सरकारी संशोधन केंद्राच्या म्याडम समुद्राकाठून आल्या, दोन तळे केले अन् मले राखन्याले ठेवलं. लोकं हासे, काय सांगू तुमाले. पन जगले झिंगे, बाप्पा! मंग आजूबाजूच्या लोकाईनं, माह्या साळ्यानंबी, आपापले तळे केले.

औंदा काय झालं, एका सकाळी खालच्या तळ्यातला चारा तसाच पडलेला. झिंगे काठाले आलेले, सुस्त. एक हातात घेतला, त पाठीवर पांढरे ठिपके. कारन मले ठाऊक होतं. चार दिवसांआंधी माह्या साळ्याच्या तळ्यावर झिंगे मरून राहिले होते, मी आपलं जाळं घेऊन गेलो, मेलेले काढू लागलो, अन् तेच जाळं न धुता इथं टाकलं. म्याडमनं हजारदा सांगतलं होतं, रामदासभाऊ, जाळं दुसरीकडं नेऊ नका, हा रोग पान्यासंगं येते.

साळा म्हने, भाऊजी, सांगता काहून? झिंगे काढा, अकोल्याले इका, पानी नाल्यात सोडा, कोनाले समजते? बायको म्हने, सांगतलं त तुमची नोकरी जाईन अन् माह्या भावाचं तळंबी. खरंच होतं तिचं. पन नाल्याखाली आनखी लोकाईचे तळे हायेत ना. मी फोन लावला, म्हन्लं म्याडम, चूक माही हाय.

त्या लय वेळ बोलल्याच नाई. म्याडम म्हने, वरच्या तळ्यात ते जाळं टाकलं का? म्हन्लं, नाई. म्हने, थेंबभर पानी बाहेर जाऊ देऊ नका, मी येऊन राहिली. दोन्ही तळ्यातले अन् साळ्याच्या तळ्यातले थोडे झिंगे शिश्याईत भरून प्रयोगशाळेत नेले. निकाल आला. खालच्यात रोग निंगाला, साळ्याच्याबी तळ्यात. ब्लिचिंग पावडर टाकून सारे झिंगे मारले, खालच्या तळ्यात म्याच टाकली, माह्या हातानं. वरचं तळं साफ निंगालं.

माही नोकरी ठेवली म्याडमनं. साळा अजून बोलत नाई, बायको भावासाठी रडते. आता नवे पिल्लं सोडले हायेत, तपासून आनलेले, तरी रोज तळ्यावर गेलो का पयले चारा खाल्ला का नाई ते पायतो. होईन ते होईन. साळ्याचं तळं पुन्हा भरो, अन् एक दिवस त्यानं मले भाऊजी म्हनून हाक मारो, बस.