एक आत, एक बाहेर

नाय रे बाबा, दोर सोडू नको अजून — आधी पाणी पी, बस त्या पायरीवर. मुंबईवरनं इथपर्यंत आणलास, आता घटकाभर राहू दे तो पलंग टेंपोतच. सुनीलने तुला सांगितलंन असंल, आई लगेच उतरवून घेईल म्हणून — घेतेच मी, पोराला आजपर्यंत कधी नाय म्हटलंय? पण माझा एक नियम हाय. हसू नको. घरात एक वस्तू आली की एक बाहेर गेली पायजे. बचत गटाची अध्यक्ष हाय मी, पोलादपूरला ट्रेनिंग झालंय माझं — ओला कचरा वेगळा, सुका वेगळा, घरात अडगळ नको — सगळी वाडी धाकात हाय माझ्या. दर शुक्रवारी घरोघर जाते, माळ्यावर डोकावते. ही पलीकडची तुळजाबाय, तिच्या माळ्यावर मोडक्या खुर्च्या सापडल्या, तर असं बोलले तिला, असं बोलले, की बिचारीने त्याच दिवशी बाहेर काढल्यान. आणि गटाची बैठक कुठं घेते मी? देवळात. माझ्या घरात कधीच नाय. का म्हणून विचार ना — ये आत, स्वतःच बघ. सांभाळून ये, पाय ठेवायला जागा मिळाली तर मिळाली.

हा सोफा सुनीलचा, ही शोकेस सुनीलची, हे पाणी साफ करायचं मशीन — अरे, आम्ही डोंगरातनं आलेलं झऱ्याचं पाणी पितो, त्याला मशीन कशाला? ही व्यायामाची सायकल सारिकाची, माझ्या सुनेची. वाडीचा चढ चढून माझे गुडघे गेले, आणि सून मला सायकल पाठवते! हे कपडे धुवायचं मशीन आलं तेच बंद, पण त्यात कोंबडी बसते बघ, अंडी चांगली देते, खोटं कशाला बोलू. सुनील फोनवर म्हणतो, आई, गावी लागंल ते, जपून ठेव, आम्हाला कायमचं तिकडंच यायचं हाय. मग ठेवायला नको? उद्या आला आणि म्हणाला, माझा सोफा कुठाय — तर काय सांगू, आई अध्यक्ष झाली म्हणून फेकलान?

नियम? पाळला की! अगदी काटेकोर पाळला, तीच तर गंमत हाय. मिक्सर आला तेव्हा पाटा-वरवंटा तुळजाबायला देऊन टाकला. मिक्सर थोडे दिवस घरघरला आणि बसला. मग आता चटणी वाटायला मी कुठं जाते? तुळजाबायकडं. माझ्याच पाट्यावर वाटते, तिला विचारून. ती बाय काय बोलत नाय, नुसती सरकून जागा देते — बोलली असती तर बरं झालं असतं. शोकेस आली तेव्हा भाताची कणगी गेली, सासूच्या वेळची, आता भात गोणीत आणि गोणीत उंदीर. आणि सोफा आला तेव्हा बाज गेली. आमच्या ह्यांनी स्वतः विणलेली, शेवटचं आजारपण तिच्यावरच काढलंनी. ती पण दिली. तेव्हापासनं मी खाली झोपते. सोफ्यावर? सोफ्यावर पिशव्या हायत, पिशव्यांत पिशव्या. तू आणलायस त्या पलंगावर? वेडा की काय, तो पलंग त्या दोघांचा, आल्यावर लागंल ना त्यांना. आता तूच सांग, पलंग आत घ्यायचा तर बाहेर काय काढू? माझं म्हणून घरात उरलंय काय? नियमाने बघितलंस तर आता मीच जायला पायजे — ओल्या कचऱ्यात की सुक्यात, तेवढं ट्रेनिंगला विचारायचं राहिलं.

काय म्हणालास?

नवीन घर... कुणाचं, सुनीलचं? बदलापूरला? — नाय नाय, मला माहीत हाय, बोललान मला फोनवर. म्हणजे बोलला असंल, इथं रेंज कुठं धड मिळते. तीन खोल्या? पलंग, कपाटं, सगळं भिंतीतच बसवलेलं? वा. मग बरोबर, हा जुना तिथं कुठं ठेवणार. आणि वास्तुशांत... झाली पण? तू होतास? जेवायला पण? — बरं झालं, सामान वाहून दमला असशील, पोटभर जेवलास ना? काय काय होतं? श्रीखंड. हां. त्याला लहानपणापासनं आवडतं.

वाईट वाटलं रे. वाटणारच, आई हाय मी. अरे, तू कशाला खाली बघतोस, तू काय चूक केलीस? घर घेतलंन पोराने, आनंदच हाय. पण मला सांगितलंन असतं तर मी काय अडवणार होते त्याला? एका पायावर गेले असते, वीर स्टेशनला गाडी पकडून. कायमचं येतो, कायमचं येतो — आणि मी इथं सोफा पुसत बसले. माझ्यासारखी अध्यक्ष सगळ्या तालुक्यात शोधून सापडायची नाय.

उठ. नाय, पलंग उतरवू नको. जाताना महाडात भंगारवाला लागतो ना, त्याच्याकडं टाक. आणि हात लाव जरा — ही सायकल घे, हे पाण्याचं मशीन घे, मिक्सर घे. हे कपड्यांचं मशीन पण — थांब, आधी कोंबडीला उठू दे. सोफा बसंल ना वर? बसव कसा तरी. पिशव्या मी बघते. हां, बांध आता घट्ट. काय देईल ते तूच ठेव, मला काय नको.

आणि हे बघ, सुनीलने विचारलंन तर भंगाराचं काय बोलू नको. सांग, पलंग लागला बरोबर खोलीत. सांग, आईने त्यावर गादी पण घातलीन. जा आता. उतार हाय, ब्रेक जपून मार.