लागू नसेल ते खोडावे

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या पाणीपुरवठा कार्यालयाचे प्रमुख, आदरणीय कार्यकारी अभियंता साहेब. निवृत्तीनंतरही शिस्त न सोडता बरोबर चारच्या ठोक्याला हजर झालेले प्रमुख पाहुणे, कर्नल साहेब. आजचे सत्कारमूर्ती, आपल्या सगळ्यांचे सुभेदार. त्यांच्या शेजारी बसलेल्या वहिनी. आणि समोर बसलेले माझे सहकारी, ज्यांत शेवटच्या रांगेतून खाण्याच्या पुड्यांवर नजर ठेवून असलेलेही आले, सर्वांना माझा मनापासून नमस्कार.

सूत्रसंचालकांनी मला पाच मिनिटं दिली आहेत. आपल्याकडची पद्धत तुम्हाला माहीत आहे. माणूस निवृत्त झाला की आस्थापना शाखेच्या बाईंनी, म्हणजे मी, त्याचं सेवापुस्तक आणायचं आणि त्याचा सेवापट वाचून दाखवायचा. रुजू कधी, रजा किती, शिक्षा काही नाही, टाळ्या. एकवीस वर्षं हेच करत आले आहे. आज मात्र पाच मिनिटांत भागेल असं वाटत नाही, तेव्हा सूत्रसंचालकांनी घड्याळाकडे बघून खोकू नये ही विनंती.

सुभेदार हे नाव आपण दिलेलं. सैन्यात ते साधे शिपाई होते, अकरा वर्षं. इथे आले ते व्हॉल्व्ह उघडण्या-बंद करण्याच्या कामावर. बढती देणं आपल्या कुणाच्याच हातात नव्हतं, तेव्हा आपण तोंडीच देऊन टाकली. त्यांनीही ती विनातक्रार स्वीकारली.

काम कसं केलं, ते शहराला विचारा. पहाटे पाचला शिंप्यांच्या गल्लीतलं लोखंडी झाकण वाजलं की बायका उठून हंडे-बादल्या नळाखाली लावायच्या. मागच्या वर्षी ते तापाने फणफणले होते तेव्हा वहिनी स्वतः कार्यालयात आल्या. हातात एक चिठ्ठी. शिंप्यांची गल्ली, साडेअकरा फेरे. दवाखान्यामागचा, नऊ फेरे, आठव्याला अडतो, जोर करू नये. शाळेसमोरचा, चौदा. सतरा व्हॉल्व्ह आणि सतरांचे फेरे, सगळं सुवाच्य अक्षरात. बदलीचा माणूस म्हणाला, ‘‘मला सगळं ठाऊक आहे.’’ त्याने चिठ्ठी बघितली नाही, दवाखान्यामागे जोर केला, आणि पुढचे दोन दिवस तिथे काय झालं ते साहेबांना आठवत असेल. साहेब मान हलवताहेत. आठवतंय.

आता सेवापट वाचते.

सैन्यात अकरा वर्षं. पुढे आईला अर्धांगवायू झाला, बघणारं घरात कुणी नाही, म्हणून स्वतःच्या विनंतीवरून घरी परत. सैन्याच्या निवृत्तिवेतनाला पंधरा वर्षं लागतात, यांची चार कमी पडली. त्यानंतर बरीच वर्षं एका गोदामाच्या फाटकावर पहारा. त्या वर्षांना तर कुठेच कुणी विचारत नाही. मग माजी सैनिकांसाठी असलेल्या वयाच्या सवलतीतून आपल्याकडे नोकरी. आपल्याकडे झाली नऊ वर्षं दोन महिने. इथल्या निवृत्तिवेतनाला लागतात दहा.

कर्नल साहेब, आपण मनातल्या मनात बेरीज केलीत, मला दिसली. अकरा आणि नऊ, वीस. सैन्यातली सेवा इथल्या सेवेत धरता येते, तसा नियमच आहे. धरली तर सुभेदारांना आयुष्यभर निवृत्तिवेतन, आणि त्यांच्या मागे वहिनींना. नाही धरली तर आज हातात एक ठरावीक रक्कम, हा पुष्पगुच्छ, हे भिंतीवरचं घड्याळ, आणि उद्यापासून काही नाही. दहा महिने कमी पडले म्हणून काही नाही.

मग अडलं कुठे? अडलं एका कागदावर. तो कागद या सेवापुस्तकातच शिवलेला आहे, पान सात. रुजू होताना भरायचा असतो. त्यावर एकच वाक्य छापलेलं आहे: ‘माझी पूर्वीची सैन्यसेवा निवृत्तिवेतनासाठी धरण्यात यावी’, मग तिरकी रेघ, ‘धरण्यात येऊ नये’. आणि खाली बारीक अक्षरात, ‘लागू नसेल ते खोडावे’. सुभेदारांच्या कागदावर काहीच खोडलेलं नाही. धरावी पण आणि धरू नये पण. खाली त्यांची स्वच्छ सही. चूक दुरुस्त करायला मुदत एक वर्षाची. ती केव्हाच संपली.

मघाशी अध्यक्षांनी यावरचा तो किस्सा सांगितला. ‘सुभेदारांना सैन्यात शिकवलं होतं, सरकारी कागदावर खाडाखोड करायची नाही, म्हणून त्यांनी दोन्ही तसंच ठेवलं!’ सगळं सभागृह हसलं. मीही हसले. हा किस्सा आपल्याकडे चार वर्षं चालू आहे. नवीन माणूस रुजू झाला की पहिल्या चहाला त्याला हाच ऐकवतात. सुभेदारही दर वेळी हसतात. आजही हसले, तुम्ही बघितलंत.

तपासणी पथकाला हा कागद सापडला त्याला चार वर्षं झाली. तेव्हापासून आम्ही वरच्या कार्यालयाला प्रस्ताव पाठवतो आहोत. पहिला परत आला, सैन्यातून सुटल्याचा दाखला जोडा म्हणून. दाखला जोडलेला होता. पान उलटलं असतं तर दिसला असता. दुसऱ्यांदा विचारलं, विलंबाचं कारण द्या. कारण दिलं. सात महिन्यांनी कळलं की कारण समाधानकारक नाही. अहो, कारण समाधानकारक असतं तर विलंब झालाच कशाला असता? मी स्वतः दोनदा तिथे जाऊन आले. एका खोलीतून दुसऱ्या खोलीत पाठवतात, सगळे गोड बोलतात, पाणी विचारतात, आणि सगळे शेवटी हात वर करतात. त्यांचाही दोष म्हणवत नाही. नियम त्यांनी केलेला नाही, आणि तो वाकवायची ताकद त्यांच्या खुर्चीत नाही. माझ्याही नाही.

वहिनी, आता जे सांगणार आहे ते तुम्हाला आवडणार नाही, पण सांगू द्या.

दोन वर्षांपूर्वी या दोघांना मी माझ्या टेबलाशी बोलावलं. जेवणाची सुट्टी होती, शाखेत कुणी नव्हतं. पान सात उघडलं, माझं पेन काढलं, सहीच्याच निळ्या शाईचं, आणि सुभेदारांसमोर ठेवलं. साहेब, हे गैर आहे हे मला ठाऊक आहे. कारवाई करायची असेल तर सोमवारी करा, आज शुक्रवार आहे आणि कार्यक्रम आहे.

सुभेदार कागदाकडे बघत बसले. वहिनी म्हणाल्या, ‘‘अहो, एक रेघच तर मारायची आहे. मी मारू का?’’

त्यांनी पेन उचललं. टोपण काढलं. मला वाटलं, झालं. मग त्यांनी मला विचारलं, ‘‘मॅडम, याची प्रत वर गेली आहे ना?’’

गेली होती. पहिल्या प्रस्तावाबरोबर मीच पाठवली होती. ‘खरी प्रत’ असा शिक्का मारून, खाली माझी सही करून. माझ्या डोक्यातून साफ निघून गेलं होतं. इथे रेघ आणि तिथल्या प्रतीवर रेघ नाही, म्हणजे निवृत्तिवेतन राहिलं बाजूला, त्यांना उलट चौकशीला तोंड द्यावं लागलं असतं. त्यांनी टोपण लावलं, पेन माझ्यासमोर सरळ ठेवलं आणि म्हणाले, ‘‘तुम्हाला उगाच त्रास झाला.’’

वहिनी, तुम्ही त्या दिवशी रागाने आधी निघून गेलात, ते प्रतीचं बोलणं तुम्ही ऐकलंत की नाही मला माहीत नाही. पण त्यानंतर तुम्ही जे म्हणत आलात ते मी बरेचदा ऐकलं आहे. मघाशी चहाच्या वेळीही म्हणालात: ‘‘या माणसाला आयुष्यात एक रेघ मारता आली नाही.’’ सुभेदार तुमच्या मागेच कप घेऊन उभे होते.

मी भरकटते आहे. मुद्द्यावर येते, कारण तो टाळता येईल तितका टाळून झाला.

अध्यक्षांनी भाषणात सांगितलं की सुभेदारांचं प्रकरण वरच्या कार्यालयाच्या विचाराधीन आहे आणि लवकरच चांगली बातमी येईल. साहेबांचा यात काही दोष नाही. ते दौऱ्यावरून थेट या सभागृहात आले. टाळ्या वाजल्या, वहिनींनी डोळ्याला रुमाल लावला. पण वरच्या कार्यालयाचं पत्र आज सकाळी अकरा वाजताच आलं. मी ते या सेवापुस्तकात ठेवलं आहे. उद्या घरी जाऊन सावकाश सांगावं असा माझा विचार होता. पण त्या टाळ्या ऐकल्यावर या दोघांना तशाच खोट्या आशेवर घरी जाऊ देणं मला जमेना. सुभेदार, प्रस्ताव नामंजूर झाला आहे. कायमचा. ‘यापुढे याबाबत पत्रव्यवहार करू नये’ असं लिहिलं आहे.

बसा, वहिनी. पाणी द्या त्यांना कुणीतरी.

त्या पत्रात दुसरा परिच्छेद आहे. तो वाचते. ‘आस्थापना लिपिकाच्या निवेदनाची नोंद घेतली. तथापि तोंडी दिलेल्या सूचनेस अभिलेखात स्थान नसल्याने मुदत शिथिल करता येत नाही.’ साहेब माझ्याकडे बघताहेत, कसलं निवेदन म्हणून. साहेब, चौथ्या प्रस्तावाला मी माझं एक पानी निवेदन जोडलं होतं आणि तुम्ही त्यावर सही केली आहे. मी जिथे पिवळी चिठ्ठी लावते तिथे तुम्ही सही करता. या कार्यालयात सगळेच करतात. माझ्या चिठ्ठीवर लोकांचा फार विश्वास आहे.

त्या निवेदनात जे लिहिलं ते वरच्या कार्यालयाने वाचलं आणि बाजूला ठेवलं. इथे मात्र ते कुणालाच माहीत नाही, म्हणून सांगते.

सुभेदार रुजू झाले त्या दिवशी सहा जण एकदम रुजू होत होते. प्रत्येकाचे चौदा कागद. मी चौदाही ठिकाणी चिठ्ठ्या लावून ठेवल्या होत्या, म्हणजे कुणाचा वेळ जायला नको, आणि खरं सांगायचं तर माझा जायला नको. पाच जण भराभर सह्या करून गेले. सुभेदार एका कागदावर थांबले. सगळा वाचला. खालची बारीक ओळसुद्धा वाचली. आणि मला विचारलं, ‘‘मॅडम, यातलं मी कुठलं खोडायचं?’’

त्यांनी विचारलं होतं, वहिनी. या माणसाने विचारलं होतं.

मी मानसुद्धा वर केली नाही. म्हणाले, ‘‘तुम्ही सही करा हो, बाकी मी बघते.’’

बघणार होते, खरंच. संध्याकाळी बघणार होते, मग सोमवारी, मग कागद पुस्तकात शिवले गेले. दर वर्षी पडताळणीला हे पुस्तक मी त्यांच्यासमोर उघडत आले, पण शेवटचं पान उघडायचं, सही घ्यायची, मिटायचं. तपासणी पथक येईपर्यंत मागची पानं एकदाही उलटली नाहीत.

आणि तो किस्सा? तो मी रचला आहे. तपासणी पथकाने याच सभागृहात, सगळ्यांसमोर विचारलं, हे कुणाकडून राहिलं? कुणी काही बोलायच्या आत मी म्हणाले, ‘‘साहेब, ते सैनिक आहेत, सरकारी कागदावर खाडाखोड करत नाहीत.’’ सगळे खो खो हसले. सुभेदार तिथे उभे होते. त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि पथकाला म्हणाले, ‘‘हो साहेब, माझ्याकडून राहिलं.’’

तेव्हापासून त्यांनी हे कुणाला सांगितलं नाही. पथकाला नाही, साहेबांना नाही. घरीही नाही, हे आज चहाच्या वेळी मला पक्कं कळलं. चार वर्षं घरात तेवढं ऐकून घ्यायचं आणि एका वाक्यात सुटका असताना ते वाक्य बोलायचं नाही, हे मला जमलं नसतं. मला तर खरं बोलायलाही चार वर्षं लागली, आणि बोलले तेव्हा त्याचा उपयोग शून्य. आजही उपयोग काही नाही. पत्र बदलणार नाही. सोमवारी मी कामावर येणार, मला तीन वर्षांनी पूर्ण निवृत्तिवेतन मिळणार, माझ्या कागदांवर सगळं नीट खोडलेलं आहे. मी तुमच्यासाठी काय करू शकते याचा मी पुष्कळ विचार केला, सुभेदार. काही सापडलं नाही. फक्त एवढंच, की वहिनींना हे तुमच्या देखत कळावं.

वेळ फार घेतला. अध्यक्षांनी आणि कर्नल साहेबांनी मध्ये न थांबवता ऐकून घेतलं, त्याबद्दल आभारी आहे. सभागृह सजवणाऱ्यांचे, ध्वनिक्षेपक सांभाळणाऱ्यांचे, आणि अजून पुड्या न उघडता बसलेल्या शेवटच्या रांगेचेही आभार. बोलण्याच्या भरात कुणाचा मान राखायचा राहून गेला असेल, शब्द जड झाला असेल, तर व्यासपीठाची आणि तुम्हा सर्वांची मी माफी मागते. वहिनी, तुमचीही मागते, आणि तुम्ही दिली नाहीत तरी तक्रार नाही.

सुभेदार, तुमची मागत नाही. तुम्ही लगेच द्याल.