जावेपेक्षा वरचं कुरण

सायरकान : म्हणजे दोन्ही वेगवेगळं घ्यायचं? तुझ्या दुकानात एक वस्तू मागितली की तू दोन काढतोस, तिलेक.

तिलेक : ताई, डोमेन म्हणजे वेबसाइटचं नाव आणि होस्टिंग म्हणजे तिची जागा. मेंढीच्या कानावरची खूण वेगळी, तिचं चरायचं कुरण वेगळं. नुसत्या खुणेवर मेंढी जगत नाही.

सायरकान : आणि कुरण असलं, खूण नसली तर?

तिलेक : तर छान चरते. फक्त कोणाची ते कळत नाही.

सायरकान : तेच तर झालंय माझं. जिबेकच्या वेबसाइटवर पहिला फोटो कुठल्या शिरदाक गालिच्याचा आहे? माझ्या. सगळा हिवाळा लोकर कुटून नमदा केला, बोटं सोलली. आणि वेबसाइट कोणाच्या नावाची? आमच्या सासऱ्यांच्या. मोठी सून मी, गालिचा माझा, आणि पैसे देणारे पाहुणे उतरतात धाकट्या जावेकडे.

तिलेक : मग तुम्हाला गालिचे विकायचे आहेत?

सायरकान : मला तिच्यापेक्षा मोठी वेबसाइट हवी आहे. गालिचे नंतर बघू.

तिलेक : बरं. कुरण कुठलं देऊ? फुकटचं आहे, पण तिथे तुमच्या मेंढीच्या पाठीवर दुसऱ्याची जाहिरात चिकटवतात. दुसरं सामायिक. तिथे इतरांचे कळपही असतात.

सायरकान : जिबेक कुठे आहे?

तिलेक : सामायिकमध्ये.

सायरकान : मग मला अख्खं वेगळं दे. आणि तिच्या वरच्या अंगाला. पाणी आधी माझ्याकडे यायला हवं.

तिलेक : ताई, तुमची पानं तीन. तीन मेंढ्यांसाठी अख्खा डोंगर घेऊन काय करणार?

सायरकान : बसून बघेन. नावाच्या शेवटी ते काय लावतात?

तिलेक : आपल्या देशाचं डॉट केजी आहे. तिचं डॉट कॉम.

सायरकान : कॉम कुठल्या देशाचं?

तिलेक : कुठल्याच नाही. सगळ्या जगाचं.

सायरकान : तिला सगळं जग आणि मला नुसता देश? त्याच्या वर काही नाही?

तिलेक : जगाच्या वर अजून काही निघालेलं नाही. निघालं की फोन करतो. नाव काय ठेवायचं?

सायरकान : तेच. सासऱ्यांचं. पण माझं आधी दिसलं पाहिजे.

तिलेक : म्हणजे काय? नीट सांगा, मला अक्षरं टाकायची आहेत.

सायरकान : सुनेला सासऱ्याचं नाव घ्यायला लावतोस? लाज आहे का? घोड्याच्या पायाला ठोकतात ना, ते. आणि शेवटी बेक.

तिलेक : खिळा?

सायरकान : खिळा कशाचा असतो?

तिलेक : लोखंडाचा. म्हणजे आपल्या भाषेत तेमिर... तेमिरबेक.

सायरकान : हळू! या घरात लग्न होऊन आल्यापासून मी तो शब्द तोंडातून काढलेला नाही. कढईलासुद्धा मी ‘ती कडक’ म्हणते. आणि ही जिबेक, सासऱ्यांचं नाव जगभर टांगून बसलीये. डॉट कॉम.

तिलेक : तुमचंच नाव ठेवा की. सायरकान. बघू कोणी घेतलंय का... नाही, मोकळं आहे.

सायरकान : आणि जिबेक नाव?

तिलेक : ते गेलंय. केजी, कॉम, दोन्ही. एक साबणाचं दुकान, एक कोणीतरी दातांचा डॉक्टर.

सायरकान : तिचं नाव दातांच्या डॉक्टरला हवं झालं, आणि माझं कोणालाच नको? काय वाईट आहे रे माझ्या नावात?

तिलेक : मोकळं आहे ही चांगली गोष्ट असते, ताई.

सायरकान : माझ्यासारख्या बायकांना असंच समजावतात.

तिलेक : चहा घ्या. त्या फोटोखाली इंग्रजीत काहीतरी लिहिलंय म्हणत होता ना तुम्ही?

सायरकान : ‘मीच केला’ असं लिहिलं असणार. मला वाचता येऊ नये म्हणून तर इंग्रजीत. आणि तिचे ते पाहुणे! सकाळी उठून माझ्या अंगणात येतात, घराकडे खालून वर बघतात, खिडक्या मोजतात, एकमेकांना कोपर मारतात आणि हसत परत जातात. तीच पाठवते. माझं घर बघून हसायला.

तिलेक : थांबा, उघडून वाचूनच दाखवतो... अरे. उघडत नाहीये.

सायरकान : आपल्या नारीनचं नेट.

तिलेक : नेट नाही. नावाची मुदत संपलीये. ज्या बिश्केकच्या पोराने वेबसाइट करून दिली, त्याने नाव स्वतःच्या खात्यावर घेतलं होतं. आठवणीचे ईमेल त्यालाच जात असणार. तो आता मॉस्कोत टॅक्सी चालवतो. म्हणून सांगतो, ताई, नाव कधीही आपल्याच खात्यावर घ्यावं.

सायरकान : मग आता काय होतं?

तिलेक : थोडे दिवस वाट बघतात. कोणी पैसे भरले नाहीत तर नाव मोकळं. जो आधी मागेल त्याचं.

सायरकान : म्हणजे मी मागितलं तर तिचा पत्ता घेऊन निघालेले पाहुणे माझ्या दारात?

तिलेक : थेट. तिच्या सगळ्या पत्रकांवर छापलेला पत्ता तुमचा.

सायरकान : तिला माहीत आहे?

तिलेक : नसणार.

सायरकान : तू सांगणार आहेस?

तिलेक : मी दुकानदार आहे. जे मागतील ते देतो.

सायरकान : मग माझ्यासाठी बाजूला... कोण येतंय ते? जिबेक! मी चार्जर घ्यायला आलेय हां.

(जिबेक धापा टाकत आत येते.)

जिबेक : तिलेक, माझी वेबसाइट गेली रे! पाहुणे फोन करतायत, काहीच दिसत नाही म्हणून. उन्हाळ्याचं सगळं बुकिंग त्यावर... अगं बाई, जाऊबाई, तुम्ही?

सायरकान : चार्जर.

तिलेक : कुठली वेबसाइट? नाव सांगा.

जिबेक : नाव... अरे, आमची. घोड्याच्या पायाला नाही का ठोकत, ते. आणि शेवटी बेक.

सायरकान : तू नाव घेत नाहीस?

जिबेक : मी कसं घेणार? ते ह्यांनी ठरवलं, आणि टाइप त्या बिश्केकवाल्याने केलं. मी तेव्हा डोळे मिटून घेतले होते. पाहुण्यांनासुद्धा पत्ता तोंडी सांगत नाही, कार्ड देते.

सायरकान : आणि माझ्या शिरदाकच्या फोटोखाली काय लिहिलंयस? डोळे मिटूनच?

जिबेक : तुमचं नावही कसं लिहिणार? तुम्ही मोठ्या. खूप विचार केला, जाऊबाई. शेवटी लिहिलं, ‘मोठ्या घरच्यांनी केलेला.’

तिलेक : ताई, खिडक्या.

जिबेक : कसल्या खिडक्या? पाहुणे रोज विचारतात, ते मोठं घर कुठे आहे. मी तुमच्याकडे बोट दाखवते. परत येऊन म्हणतात, घर लहानच आहे हो. मी म्हणते, घराकडे काय बघता, आत जाऊन गालिचे बघा. पण अंगणात कोणीतरी बाई त्यांच्याकडे अशी काही बघते, की त्यांची आत जायची हिंमत होत नाही.

सायरकान : ...चहा थंड झाला, तिलेक.

तिलेक : दुसरा करतो. ताई, तो चार्जर तुमच्यासाठी बाजूला ठेवायचा होता ना? ठेवू?

सायरकान : नको. तो तिचा आहे. तिला दे.

जिबेक : मला चार्जर नकोय. माझी वेबसाइट...

तिलेक : मिळेल. मॉस्कोला फोन लावतो, सिग्नलला थांबला की उचलेल. पैसे भरून नाव तुमच्या खात्यावर फिरवून घेऊ.

जिबेक : जीव परत आला बाई. पण जाऊबाई, चार्जरसाठी तुम्ही चहाला बसलात?

सायरकान : माझीही वेबसाइट करतेय.

जिबेक : कुठल्या नावाने?

सायरकान : माझ्या.

जिबेक : आता आली का पंचाईत. मी पाहुण्यांना सांगू कशी? मला तर ते म्हणता यायचं नाही.

तिलेक : म्हणायचं कशाला? शिरदाकच्या फोटोवर दाबलं की ह्यांचं पान उघडेल, असं करून देतो. तुम्ही आहात तसंच बोट दाखवा.

जिबेक : हे बरं झालं. कुरण कुठलं घेतलंत? मला ह्याने सामायिक घ्यायला सांगितलं होतं.

सायरकान : सामायिकच घेतेय. तीन पानांना डोंगर कशाला? तिलेक, हिचं नाव किती वर्षांसाठी भरतोस?

तिलेक : एक.

सायरकान : माझं दोन कर.