डाव्या हाताचा हूक

हॅलो? … हो, मावशीच बोलतेय. कोण, चिमणी? … अगं, रडतेस कशाला? नीट सांग … तुझी आई यायचं नाही म्हणते? गाडी दारात, सभागृहात अख्खं गायनमंडळ तिची वाट बघतंय, आजारानंतर पहिल्यांदा घराबाहेर पडायची, आणि आता नाही? … हं … हं … तू केलेली तारेची माळ तिच्या गळ्यात घालायला गेलीस म्हणून?

"मला सजवायला मी काय मूर्ती आहे?" असं म्हणाली? … ताईच ती! आजारानं उजवा हात नेला, जीभ मात्र जागच्या जागी आहे … हसू नको तर काय करू? अगं, तिला माळ नकोय असं नाही. तिला ती आपल्या हातानं घालायचीय. इतके दिवस सगळे तिला भरवतात, पुसतात, नेसवतात. माणसाला कुठंतरी आपला हात लागावासा वाटतो गं.

हो, हो… अगं ऐक ना. हूक मानेमागे आहे की पुढे? … पुढेच केलास? शहाणी! डाव्या हातात येतो? … मग अडतंय कुठं? … कडीत शिरतच नाही? हुकाचं तोंड केवढं ठेवलंस? … पक्कडीनं दाबलंस? का? … सुटून पडेल म्हणून. अस्सं.

फोन खांद्यानं कानाला चिकटव, एक गोष्ट सांगते … छोटीच आहे गं, गाडीवाला पळून जात नाही! मी ज्यांच्याकडे हे तारेचं काम शिकले ना, त्या काकींना पुढे पुढे दिसेनासं झालं होतं. तरी हूक त्याच तपासायच्या, बोटांनी. मी भीतीपोटी प्रत्येक हुकाचं तोंड आवळून ठेवायची, थेट तुझ्यासारखी. काकी म्हणाल्या, "पोरी, माळ काय दाबून धरल्यानं टिकते? तिचा भारच तिला हुकात बसवतो. तू वाट मोकळी ठेव, बाकीचं भारावर सोड." … प्रवचन नाही गं! … बरं बाई, प्रवचन. पण पक्कड घे आता.

गोल तोंडाची. हुकाचं तोंड उघड … अजून … कडीची तार सहज आत जाईल इतकं. टोक जरासं बाहेर वळव, बोटाला टोचायला नको … आता हातोडीनं हलके ठोके दे, म्हणजे तार ताठ राहील. कशावर ठोकतेस? … इस्त्रीवर? गार आहे ना, माझे आई?

झालं? थांब, तिच्या हातात देऊ नको! आधी तूच घालून बघ. तिच्यासमोर बस. उजवा हात पाठीमागं, डोळे मीट, आणि डाव्यानं लाव … पडली? पुन्हा … पुन्हा पडली? … कोण बोललं ते? ताई? … "एवढंही जमत नाही तुला, आण इकडे"?

चिमणे, दे तिला. दे, आणि तोंडातून शब्द काढू नको … मदत नको! स्वतःचे हात मांडीखाली दाबून बस …

…

अजून? … देवा, तूच बघ रे बाबा …

काय झालं? बोल ना! … बसला? … कुणी लावला? … तिनंच? एकटीनं? … अगं, रडतेयस की हसतेयस, काहीतरी एक कर! … आता काय करतेय? … काढून परत लावतेय? लावू दे. हवं तितक्यांदा लावू दे. गाडीवाल्याला पाणी दे तोवर.

… चपला मागतेय? मग पळ! … नको, तिला फोन देऊ नको, आणि मावशीनं सांगितलं हेही बोलू नको. तिचं तिला राहू दे … पण हे बघ, सभागृहात गाणं सुरू झालं की एक क्षण काकींना आठव. हो, त्याच. त्यांची आठवण काढायला मागं कुणी नाही गं … आठवशील ना? … बरं, ठेव. ठेव आधी, ताई ओरडतेय!