ओजसच्या मुंजीखालची कॅसेट

हॅलो?

हो, बोला चेतनाताई… हो, मिळाली ना पिशवी. कालच राजेश घेऊन आला मुलुंडहून. सहा कॅसेट होत्या, बरोबर?

हो, सकाळपासून त्या कॉम्प्युटरवर उतरवणंच चाललंय. गंधालीच्या कॉम्प्युटरला व्हीसीआर जोडलाय… अहो सोपं आहे, एक छोटी डबी मिळते, पिवळी-पांढरी-लाल वायर लावायची की झालं. फक्त वेळ खातं. तीन तासांची कॅसेट तीन तास चालवावीच लागते. तिथे कुणाचा वशिला चालत नाही.

व्हीसीआर? आमचाच. चालतोय की! चारकोपच्या एका दुरुस्तीवाल्याने उघडून बघितला. म्हणाला, मॅडम, याला काही झालेलंच नाही, नुसती धूळ आहे… हो ना, मलाही नवलच वाटलं. राजेश वीस वर्षं सांगतोय, बिघडलाय म्हणून.

काय?… झाली. ओजसची मुंज झाली कॉम्प्युटरवर. त्याच्याआधी माझं लग्नही झालं.

नाही, थट्टा नाही करत. ऐका ना… अहो ऐका तर! तुमच्या कॅसेटवर ‘ओजस मुंज’ असं लेबल आहे ना? त्याचा कोपरा निघाला होता. ओढला, तर खाली दुसरं लेबल. माझ्या बाबांच्या अक्षरात. ‘अनूचं लग्न – मूळ.’





नाही नाही, ती गाणीवाली वेगळी. हार्टबिर्ट उडवून, वर सिनेमातली गाणी घालून फोटोग्राफरने दिली होती ती एक. त्यात आई माईकसमोर उभी आहे, ओठ हलतायत आणि ऐकू येतंय भलतंच गाणं. म्हणून तर बाबांनी त्या फोटोग्राफरच्या मागे लागून दुसरी घेतली होती, जशीच्या तशी. आईचा आवाज असलेली. एवढी एकच.

अहो, फोन कुठे होते तेव्हा हातात? लग्नानंतर दीड वर्षात गेली आई. गंधालीने आजी बघितलीसुद्धा नाही. मी पोरीला वचन देऊन बसलेय… कॅसेट शोधून काढायची आणि येत्या रविवारी तिचा अंतरपाट धरला की आजीची मंगलाष्टकं लावायची. स्वतः रचलेली होती हो आईने! कागदसुद्धा राहिला नाही.

होती. थोडी होती. ओजसची मुंज सुरुवातीपासून नाहीये ना त्यावर, मधूनच सुरू होते. तोपर्यंत माझं लग्न आहे. आई उभी राहते, पदर सारखा करते, खाकरते… आणि म्हणते, ‘माझी ही अनु जातसे तुमघरी, जाई जशी कोवळी…’

थांबा, जरा… पाणी पिते.

हं. पुढची ओळ, ‘बोलावे तिज गोड, ना तिज कधी…’ आणि खर्रर्र! तुमचा ओजस. चकोट करून पाटावर.

ना तिज कधी काय? तुम्ही होतात ना तिथे, करवली म्हणून राजेशच्या मागेच उभ्या होतात. आठवतं का काही?… एकही शब्द नाही?… मी अंतरपाटामागे. मला तर स्वतःच्या छातीतली धडधड तेवढी ऐकू येत होती. म्हटलं, आहे की कॅसेटवर, नंतर ऐकू निवांत.

चुकून? चेतनाताई, चुकून नाही होत ते. प्रत्येक कॅसेटच्या कडेला एक चिमुकला तुकडा असतो प्लास्टिकचा. तो मोडला की तिच्यावर नवीन काही भरताच येत नाही. बाबांनी तो मोडून ठेवला होता! मुद्दाम! त्या भोकावर चिकटपट्टी लावली तरच परत भरता येतं. आणि ती चिकटपट्टी अजून आहे. पिवळी पडलीय, पण आहे. चिकटपट्टी काय आपोआप चालत जाऊन बसली तिथे?

रडू नका हो तुम्ही. रडायचं मी, की तुम्ही?

इतकी वर्षं तुमच्या कपाटात होती. आणि मी इथे ती शोधायला दर दिवाळीला माळा उपसतेय. माझ्या मनात नव्हतं कधी तुमच्याबद्दल काही… पण आता सांगते, माझ्या आईचं काहीही तुम्हाला कधी आपलं वाटलं नाही. तिने दिलेली साडीसुद्धा तुम्ही…

काय?

कोणी लावली? राजेशने?

परत सांगा.

मुंजीच्या सकाळी?… हं… कोरी कॅसेट आणायची राहिली, दुकानं उघडली नव्हती… हं… आणि हा म्हणाला, माझ्याकडे आहे एक. घरी आला बोरिवलीला, मला म्हणाला, कॅमेऱ्याची बॅटरी न्यायला आलोय. हो, आठवतंय. मी त्याला पोहे दिले होते खायला.

तुम्ही विचारलंत त्याला?… काय म्हणाला?

‘गाणीवाली आहे की आमच्याकडे, ही काय, तेच ते.’

तेच ते.

आणि तुम्हाला म्हणाला, अनूला सांगू नकोस… हो, बरोबर आहे, भावाचा शब्द तुम्ही मोडणार कशा.

नाही, तुमच्यावर नाही ओरडत. मघाशी बोलले ते… ते नंतर बघू.

व्हीसीआर बिघडलाय. कळलं का, ताई? दर वर्षी आईच्या तिथीला मी म्हणायचे, आज ती कॅसेट शोधून लावू या. आणि हा पानावरून मान वर न करता म्हणायचा, व्हीसीआर बिघडलाय. तिच्याच नावाची खीर खाता खाता! मी वेडी, दुसऱ्या वर्षी परत विचारायची.

काल पिशवी आणली, तेव्हा म्हणाला, ताईच्या कॅसेटची घाई नको करूस, लग्नानंतर बघ. मला वाटलं, माझी दगदग होऊ नये म्हणून म्हणतोय. बरं वाटलं होतं मला. जळ्ळं मेलं ते बरं वाटणं!

खाली गेलाय, सी विंगमध्ये पत्रिका वाटायला… नाही, तुम्ही नका फोन करू त्याला. अजिबात नाही. एवढं ऐका माझं. एकदा त्याचं ऐकलंत ना, आता माझं ऐका.

गंधालीला काय सांगणार? काय सांगू? आजीची दीड ओळ आहे म्हणून?

बेल वाजली. आला वाटतं.

नाही हो, भांडण नाही करणार. घरात कार्य आहे. त्याला इथे खुर्चीवर बसवते आणि कॅसेट मागे घेऊन लावते. मग विचारते, पुढे काय म्हणाली होती रे आई? तू तर माझ्यासमोर उभा होतास. तुला सांगत होती ती.

ठेवते.