वडिलांची फाइल

तुम्हाला सांगतो, माझ्या वडिलांनी दोन वर्षं खपून माझ्या आजीच्या आठवणी टाइप केल्या होत्या. नव्या कॉम्प्युटरवर फाइल उघडली, तर सगळी इंग्रजी अक्षरं! वडील मटकन खाली बसले. "गेलं रे सगळं!"

मी त्यांना आणि आत्याला घेऊन पंचवटीतल्या डीटीपीवाल्या सुनंदाताईंकडे गेलो. त्या हसल्या. "काका, काही गेलेलं नाही. कॉम्प्युटर फक्त आकडे साठवतो. तुमच्या जुन्या फॉन्टमध्ये ज्या आकड्याचा 'क' दिसायचा, त्याचाच इथे 'डी' दिसतोय. युनिकोडमध्ये करून देते, मग कुठल्याही कॉम्प्युटरवर मराठीच दिसेल."

थोड्या वेळात पहिली ओळ उमटली : 'आमची आई कधीच कुणावर रागावली नाही.' वडिलांचे डोळे भरून आले.

आत्या म्हणाली, "दादा, अक्षरं बरोबर आलीत. वाक्य चुकलंय."